थर्मल पेस्ट म्हणजे काय? पीसी तापत असेल तर आधी हे तपासा

गेम सुरू करून पाच मिनिटं झाली की पीसी अडकतो, फॅन जोरात फिरतो आणि कधीकधी मशीन सरळ बंदच पडतं. असं होत असेल तर नवीन प्रोसेसर घ्यायची घाई करू नका. मशीन जुनं असेल तर आतली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते.

पेस्ट कशासाठी?

प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचा असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवा तांब्याच्या तुलनेत हजारो पट कमी उष्णता वाहून नेते. पेस्ट ही जागा भरते. पण लक्षात ठेवा, पेस्टसुद्धा धातूपेक्षा बरीच कमी उष्णता नेते. म्हणून जाड थर लावला तर फायदा नाही, उलट अडथळाच होतो.

कशी लावायची?

१. पीसी थोडा वेळ चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होईल. मग बंद करून प्लग काढा.
२. स्क्रू आणि फॅनची वायर काढून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये सरळ वर ओढलं तर प्रोसेसरही चिकटून बाहेर येऊ शकतो आणि पिना वाकतात.
३. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसा. पूर्ण सुकू द्या.
४. मधोमध लहान वाटाण्याएवढा थेंब टाका. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने पेस्ट आपोआप पसरते.
५. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करा. फॅनची वायर जोडायला विसरू नका!

टूथपेस्ट चालेल का?

नाही. त्यातलं पाणी लवकर उडून जातं आणि पुन्हा तोच त्रास. ‘लिक्विड मेटल’ही पहिल्यांदाच करणाऱ्यांनी टाळावं. त्यातून वीज वाहते आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमचा कूलर खराब करतं.

फरक पडला का?

पेस्ट बदलण्याआधी आणि नंतर तोच गेम खेळून तापमान बघा. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसजवळ गेलं की बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. आकडा खाली आला असेल तर काम झालं. नसेल तर कूलर नीट बसलाय का, फॅनमध्ये धूळ आहे का, ते बघा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.