सोन्याचे कण आणि रक्तातील होमोसिस्टीन

पायांना मुंग्या येतात, विस्मरण वाढले आहे. आपण म्हणता, ‘वयच झाले.’ कदाचित तसे नसेलही. बी-१२ किंवा फॉलिक आम्ल कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साचू लागते. एरवी ते लिटरमागे साधारण ५ ते १५ मायक्रोमोल असते.

ते ओळखण्यासाठी संशोधक सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून पाहत आहेत. गंमत अशी, की इतक्या बारीक सोन्याचे द्रावण पिवळे नव्हे, लाल दिसते. होमोसिस्टीनमधील गंधक सोन्याला चिकटते, कण एकत्र येतात, प्रकाश निराळ्या रीतीने शोषला जातो आणि द्रावण निळसर होते. अडचण सिस्टीनची आहे. त्यातही तेच गंधक, आणि रक्तात ते कितीतरी अधिक! म्हणून ही पद्धत अजून प्रामुख्याने संशोधनापुरतीच आहे.

तिची वाट पाहत थांबू नये. आपण शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२च्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. होमोसिस्टीनसाठी घेतलेले रक्त बर्फात ठेवून त्यातील पेशी लवकर वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर आकडा उगाच फुगतो. घरी रक्त घ्यायला येणाऱ्याकडे ही चौकशी करावी. आणि नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.