पहिलं सिम घेताना: आधी रेंज, मग रिचार्ज

पहिलं सिम घेताना बहुतेकजण आधी किंमत विचारतात. खरं तर आधी रेंज पाहायला हवी. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक दूरसंचार परिमंडळ असलं आणि मुंबईचं वेगळं असलं, तरी सिग्नल परिमंडळावर नव्हे, जवळच्या टॉवरवर ठरतो. म्हणून घर, कॉलेज आणि रोजचा प्रवास या ठिकाणी कोणाचा फोन नीट लागतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घ्यावं. त्यानंतर दराचा हिशेब. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. तेव्हा किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा, मगच तुलना करावी. घरी वाय-फाय असेल तर रोजच्या दोन जीबी डेटाचे पैसे बऱ्याचदा वाया जातात.

यावर कोणी म्हणेल, वर्षाचा प्लॅन घेतला तर रोजचा खर्च कमी येतो. बरोबर आहे, पण नेटवर्क पारखण्याआधी वर्षाचे पैसे अडकवणं शहाणपणाचं नाही. निवड चुकली तरी नंबर गमवावा लागत नाही: २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवून कोड मिळवायचा असतो. मात्र नव्या सिमला त्याआधी ९० दिवस पूर्ण व्हावे लागतात. म्हणून सुरुवातीचे तीन महिने छोटे रिचार्ज करावेत आणि ती परीक्षा समजावी, नुकसान नव्हे.