न्यायालय आणि मोपचे पठार

सरकारच्या एखाद्या कामास न्यायालयाने स्थगिती दिली, की 'आता राज्य कोण चालवणार, न्यायाधीश?' असा प्रश्न कानी येऊ लागतो. आमच्या पेडणे तालुक्यात मोपच्या विमानतळाच्या वेळी तो पुष्कळांनी विचारला. आमचे तुये गावही त्यास अपवाद नव्हते.

केंद्र सरकारने या विमानतळास २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणविषयक मंजुरी दिली. तिला आव्हान मिळाले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही जादा अटी घालून ती कायम ठेवली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी मंजुरीच स्थगित झाली. विमानतळ असावा की नसावा, हे न्यायासनाने ठरवले नाही. ते त्याचे कामच नव्हे. मंजुरी मागताना खरी माहिती दिली होती काय, एवढेच त्याने पाहिले. पंधरा किलोमीटरच्या परिघातील अरण्ये व संवेदनशील क्षेत्रे प्रारंभीच्या अर्जात नमूद करणे बंधनकारक होते. ती तेथे नव्हती. तज्ज्ञ समितीनेही शिफारस करताना आपली कारणे नोंदवली नव्हती. आणि पठारावरची झाडे तोडावयाची होती ती चोपन्न हजारांहून अधिक!

गणिताचे उत्तर बरोबर आले तरी रीत दाखवल्यावाचून आम्ही शिक्षक पुरे गुण देत नाही. शासनाच्या निर्णयास लागणारी कसोटी पुष्कळशी अशीच आहे. निर्णय शासनाचाच, परंतु तो खऱ्या माहितीवर आणि लिहून ठेवलेल्या कारणांवर उभा आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाचा. म्हणूनच न्यायालयाने स्वतः निवाडा न करता प्रकरण पुन्हा त्याच समितीकडे धाडले. समितीने नव्या अटींसह पुन्हा शिफारस केली व १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले.

'मग साडेनऊ महिने घालवून मिळवले काय?' असे म्हणणारे आहेतच. उलट, सड्यात मुरलेल्या पावसावर ज्यांचे झरे चालतात, त्या पायथ्याच्या वाड्यांना हा निकाल अपुरा वाटला असल्यास नवल नाही. मला स्वतःला तो अपुरा वाटला, पण व्यर्थ वाटला नाही. २०१५ च्या मंजुरीत नसलेल्या अटी २०२० मध्ये कागदावर आल्या. ५ जानेवारी २०२३ पासून मोपहून विमाने उडत आहेत. आणि त्यांतील अमुक अट पाळली काय, असे माहिती अधिकाराचा अर्ज करून कोणाही ग्रामस्थास विचारता येते.