गहू सोडण्याआधी रक्त तपासा

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताई, पोट फुगतं, जुलाब होतात, औषधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं." कुठे मुलाची वाढ खुंटते, कुठे लोहाच्या गोळ्या खाऊनही बाईचं रक्त वाढत नाही. मग करणी, उतारा सुरू होतो. तो पैसा तपासणीला ठेवा.

कारणं अनेक असतात. त्यातलं एक सिलिॲक. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याचं अस्तर खराब करते, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही.

नर्स असताना आम्ही सहज सांगायचो, "चपाती बंद करून बघा." ती आमची चूक होती. गहू आधीच सोडला तर आजार असूनही रक्ताची टीटीजी तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून चपाती चालू ठेवूनच ससूनमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात या तपासणीबद्दल विचारा. गरज पडली तर डॉक्टर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात.

निदान पक्कं झालं तर गहू जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटंही. पुडीच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. सख्ख्या भावंडांची, मुलांचीही तपासणी करा.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. आपली भाकरीच कामाला येते. अडचण गिरणीची. गव्हामागून ज्वारी दळली की पीठ मिसळतं आणि तेवढ्यानेही त्रास होतो. रेशनचा गहू घरात इतरांसाठी येणारच, तेव्हा पेशंटचं धान्य घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या घरघंटीवर दळा. पोळपाट आणि पिठाचा डबाही वेगळा ठेवा.