उसाची पेशी : साखरेचा पहिला कारखाना





एका हंगामातील फेब्रुवारी अखेरची गोष्ट. उमरी भागातले एक जुने सभासद गव्हाणीजवळ मला गाठून म्हणाले, "साहेब, ऊस तर माझा एक नंबर होता. खत दिलं, पाणी दिलं. मंग आपल्या कारखान्याचा उतारा कामून कमी यायलाय? साखर जाती तरी कुठं?" मी घाईत होतो. "हवामानामुळे कमी-जास्त होतं," असे काहीतरी सांगून निघून गेलो. पण प्रश्न मनात राहिला. त्यांचाच ऊस तोडल्यावर तीन दिवस फडात पडून होता. वाहन वेळेवर पोचले नव्हते. चूक त्यांची नव्हती, पण साखर तर गेलीच होती. ती कुठे गेली याचे खरे उत्तर उसाच्या पेशीत आहे. ते त्या दिवशी द्यायला हवे होते, ते आज देत आहे.

आपण नेहमी म्हणतो की साखर कारखान्यात तयार होते. हे बरोबर नाही. कारखान्यात साखरेचा एक दाणाही तयार होत नाही. उसाने जी साखर केली, जपून ठेवली, ती आपण फक्त पिळून, शुद्ध करून पोत्यात भरतो. साखर करणारा आणि साठवणारा खरा कारखाना म्हणजे उसाची पेशी.

पेशी म्हणजे काय?

कांद्याचा आतला पातळ पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर भिंतीच्या विटा रचाव्यात तशी चौकोनी-लांबट घरे दिसतात. कृषी पदविकेला असताना मी हे प्रथम पाहिले तेव्हा जाळीच पाहतो आहे असे वाटले होते. ही घरे म्हणजेच पेशी. १६६५ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात अशी घरे पाहिली आणि त्यांना पेशी हे नाव दिले. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती काय नि प्राणी काय, सर्वांची शरीरे पेशींचीच बनलेली आहेत हे मांडले. ऊस असो, बैल असो की आपण स्वतः, घडण एकच.

उसाच्या कांडीतील रस साठवणारी पेशी ढोबळमानाने मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. त्या एवढ्याशा घरात काय काय असते ते पाहू.

पेशीभित्तिका : ही बाहेरची भिंत. कोवळी असताना लवचिक, जून झाली की टणक. सगळा रस काढून घेतल्यावर जे चिपाड उरते, ते मुख्यतः या भिंतीच. बॉयलरमध्ये जळते आणि वाफ-वीज देते ती हीच.

पेशीपटल : भित्तिकेच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे हे तो ठरवतो. आपल्या कारखान्याच्या गेटवर जसा राखणदार असतो तसा.

केंद्रक : वाणाचे सगळे गुण यात गुणसूत्रांच्या रूपाने साठवलेले असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. आजच्या सुधारित उसाच्या पेशीत ती शंभरावर असतात. कारण आपला ऊस संकराचा आहे. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्राची स्थापना १९१२ ची. तेथे जाड, गोड उसाचा काटक रानटी उसाशी संकर करून काढलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये प्रसारित झाला. आपल्या शिवारात वर्षानुवर्षे चाललेला को ८६०३२ हाही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा संकर. गोडी एकीकडची आणि काटकपणा दुसरीकडचा, दोन्ही एका केंद्रकात आणायचे, हेच वाण पैदाशीचे काम.

तंतुकणिका : या साखर जाळून पेशीला शक्ती देतात. यालाच श्वसन म्हणतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हरितलवके : ही पानाच्या हिरव्या पेशीत असतात. सूर्यप्रकाश, हवेतील कर्बवायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून इथेच साखरेची सुरुवात होते.

रिक्तिका : हे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पक्व पेशीच्या मध्यभागी पातळ पडद्याची एक मोठी पिशवी असते. पेशीची बहुतेक जागा तीच व्यापते. उसाची साखर या पिशवीत, पाण्यात विरघळून साठलेली असते. आपले साखरेचे खरे गोदाम ते हेच.

पानातला सहकार

उसाच्या पानात एक विशेष व्यवस्था आहे. पानाच्या शिरेभोवती पेशींचे दोन वेढे असतात. बाहेरच्या वेढ्यातील पेशी हवेतला कर्बवायू पकडून त्याचे आम्ल करतात आणि आतल्या वेढ्याकडे सोपवतात. आतल्या पेशी त्यातून कर्ब सोडवून घेऊन त्याची साखर बनवण्याचे काम सुरू करतात. एक गोळा करणारा, दुसरा प्रक्रिया करणारा. हवाई बेटांवरील ऊस संशोधक कोर्टशॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावरच काम करून ही पद्धत उघड केली. या व्यवस्थेमुळेच आपल्याकडच्या कडक उन्हातही ऊस इतर अनेक पिकांपेक्षा जास्त साखर करू शकतो.

पानात झालेली साखर अन्नवाहिन्यांतून खाली कांडीत येते. ही वाहतूक नीट होण्यासाठी पालाश लागते. पालाश कमी पडले तर पान साखर करते, पण माल पुढे सरकत नाही. म्हणून नुसत्या युरियावर ऊस पोसणाऱ्यांनी विचार करावा.

साखर साठते कधी, खर्च होते कधी?

कोवळ्या कांडीतील पेशी वाढीच्या घाईत असते. तिच्यात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ते आलेल्या साखरेचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पेशी ते खाऊन वाढते. कांडी जून होऊ लागली की हे विकर कमी होते आणि साखर रिक्तिकेत साठू लागते. म्हणून बुडख्याकडची कांडी गोड आणि शेंड्याकडची मचूळ लागते. हे तर आपली पोरेही जाणतात.

थंड रात्री आणि कोरडी हवा आली की उसाची वाढ मंदावते, पण पान काम करतच असते. मग साखर वाढीत खर्च न होता साठते. ही उसाची पक्वता. अशा वेळी उशिरा नत्र टाकले आणि भरपूर पाणी दिले तर ऊस पुन्हा वाढीला लागतो, नवे कोंब फुटतात, आणि गोदामातला माल खर्च होऊ लागतो. ऊस हिरवागार दिसतो, मालक खूश होतो, पण साखर कमी भरते. तुरा येऊन फार दिवस झाले तर शेंड्याकडच्या पेशी वाळतात, दशी पडते आणि वजनही घटते.

पाणी आणि क्षार

मेथीची जुडी दुपारी मलूल होते, पाणी शिंपडले की ताठ होते. पेशीत पाणी भरले की ती फुगते, भित्तिका ताणली जाते आणि पेशी लांब होते. उसाची कांडी लांबते ती अशीच. मे-जूनमध्ये ताण पडला तर कांड्या आखूड राहतात. एकदा भित्तिका टणक झाली की नंतर कितीही पाणी द्या, ती कांडी लांबत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून आहे ते पाणी वाढीच्या काळात थोडे-थोडे, ठिबकने मिळेल असे नियोजन करावे.

उलट बाजूही आहे. लोणच्यासाठी कैरीला मीठ लावले की कैरीचे पाणी सुटते. कारण बाहेर मीठ जास्त झाले की पेशीतले पाणी पटलातून बाहेर ओढले जाते. जमिनीत क्षार वाढले की मुळांच्या पेशींना तसाच त्रास होतो. शेत ओले असते, पण पिकाला पाणी घेता येत नाही. आपल्या भारी काळ्या जमिनीत सरीत पाणी तुंबले तर आणखी एक नुकसान. मुळांना हवा मिळत नाही, तंतुकणिकांचे काम थांबते आणि मुळे कुजतात. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, हा हिशेब खोटा आहे.

तोडल्यावर काय होते?

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. कोयता लागला म्हणून ऊस लगेच मरत नाही. त्याच्या पेशी जिवंतच असतात. मुळांकडून पाणी बंद, पानाकडून साखर बंद, पण श्वसन चालूच. म्हणजे आवक थांबली आणि खर्च सुरू राहिला. पेशी आपल्याच गोदामातली साखर खाते. इन्व्हर्टेज पुन्हा जोर करते आणि साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. या तुकड्यांचा दाणा बनत नाही. ते मळीत जातात आणि जाताना काही चांगली साखरही सोबत नेतात.

शिवाय कापलेल्या टोकातून जंतू आत शिरतात. ते साखर खाऊन चिकट पदार्थ तयार करतात. रस बुळबुळीत होतो, गाळायला आणि दाणा धरायला अडचण येते. ऊन जितके जास्त तितके हे सगळे जलद. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत जे चालून जाते ते मार्चमध्ये चालत नाही.

जळिताच्या उसात तर उष्णतेने पेशीच मरतात. पडदे फाटतात, राखणदारही गेला आणि गोदामाचे कुलूपही गेले. मग साखरेचे वाटोळे व्हायला वेळ लागत नाही. तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटवू नये, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

याचा पैशाशी संबंध काय?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ. उतारा घसरला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत तेवढीच घट. ५० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला एका दशांश टक्क्याचा फरक १,७३० रुपयांचा पडतो.

आणि हा उतारा एकट्याचा नसतो, साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो. गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एकत्र पडतो. एकाचा शिळा ऊस सगळ्यांचा दर कमी करतो आणि एकाचा ताजा ऊस सगळ्यांना वर उचलतो. पानातल्या त्या दोन पेशींसारखेच आपले आहे.

काय करावे?

१. लागणीसाठी ९ ते ११ महिन्यांचे, निरोगी बेणेमळ्यातील बेणे वापरावे. अशा बेण्याच्या डोळ्यांतील पेशी जोमदार असतात, उगवण चांगली होते.

२. माती परीक्षण करून नत्र, स्फुरद आणि पालाश तिन्ही द्यावे. मोठ्या बांधणीनंतर नत्र देऊ नये.

३. सरीत पाणी तुंबू देऊ नये. क्षारवट जमिनीत चर काढून निचरा करावा.

४. जमिनीचा मगदूर पाहून तोडणीपूर्वी १५ ते २० दिवस पाणी बंद करावे.

५. ऊस जमिनीलगत तोडावा. बुडखा ठेवला तर सर्वांत गोड भाग शेतातच राहतो. वाढे मात्र नीट छाटावे. कोवळ्या शेंड्यात साखर नसते, पण साखर बिघडवणारे विकर भरपूर असते.

६. वाहन आल्याची खात्री करूनच तोडणी सुरू करावी. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. थांबावेच लागले तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात.

सहावा मुद्दा एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. टोळी, मुकादम, वाहन आणि तोडणीचा कार्यक्रम यांचा मेळ घालणे हे आमच्या शेतकी खात्याचे काम आहे. त्यात आम्ही कमी पडलो तर आपल्या गटाच्या फिल्डमनला किंवा सरळ मला येऊन सांगा. तोडलेला ऊस फडात पडून आहे हे आम्हाला दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी कळले पाहिजे.

त्या सभासदांना भेटून हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी ऊस तोडला तरी जित्ताच असतो की! मंग त्याला उन्हात उपाशी ठेवायचं न्हाई." एवढा लांब लेख लिहून मला जे सांगायचे होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

जय सहकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी