सीडी ऐकायचीय? डीव्हीडी प्लेअर घ्या

घरात कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, बाबामहाराज सातारकर यांच्या सीडींचा गठ्ठा आहे, ॲम्प्लिफायर चालतोय, बॉक्स धड आहेत; गेलाय तो फक्त सीडी प्लेअर. आष्टीत राहणाऱ्या अशा माणसानं काय करावं? नुसती सीडी वाजवणारा नवा, नामांकित डेक घ्यायचा तर बजेट तिथंच संपतं, आणि तो गावात मिळणं अवघडच. माझं मत सरळ आहे : सेकंडहँड डीव्हीडी प्लेअर शोधा.

यात कमीपणा काही नाही. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून १६ बिटांच्या आकड्यांत नोंदलेला असतो. सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेलं हे माप १९८२ मध्ये पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हापासून तेच आहे. सीडी स्वच्छ असेल तर स्वस्त यंत्रही तेच आकडे वाचतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप म्हणजे डॅक. फरक पडतो तो तिथं आणि तिच्या पुढच्या सर्किटमध्ये. मागच्या बाजूला कोॲक्सियल आउटपुट असलं तर पुढे ऐपतीप्रमाणे चांगला डॅक वेगळा जोडता येतो. तोवर लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये खोचायच्या.

खरी मेख डिस्प्लेत आहे. कित्येक स्वस्त डीव्हीडी प्लेअरवर गाण्याचा नंबरच दिसत नाही. तिसऱ्या अभंगावर जायचं तर टीव्ही लावा! पहाटे काकड आरती ऐकायला टीव्ही कोण लावणार? म्हणून समोर आकडे दिसणारा, पुढं-मागं जायची बटणं असलेलाच घ्या. रिमोट हरवला तरी काम अडत नाही.

खरेदीला जाताना दोन सीडी जवळ ठेवा. एक कंपनीची, सत्तर मिनिटांच्या वर भरलेली. सीडी आतून बाहेर वाचली जाते; सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, कडेला २०० वर येते. तेव्हा पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी लावून बघा. थकलेलं यंत्र यातल्या एखाद्या टोकाला अडखळतंच. दुसरी सीडी घरी कॉपी केलेली. तिच्यातला रंगाचा थर ७८० नॅनोमीटरच्या लेझरला नीट दिसतो, डीव्हीडीच्या ६५० च्या लेझरला नाही. सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेअर त्यामुळंच कॉपी उचलत नसत. नंतरच्यांत दोन्ही लेझर आले.

आपल्याकडच्या उन्हाळ्यातला फुफाटा लेन्सचा वैरी. ‘नो डिस्क’ दिसलं की यंत्र भंगारात काढू नका. आधी प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापूस लेन्सवर हलक्या हातानं फिरवा. थिनर अजिबात नको. सीडी पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल नाही. विजेचा दाब खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच.

शोधायचं कुठं? आधी गावातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानांत. मग नगर : २०२२ पासून आष्टीहून रेल्वे आहे, अंतर ६६ किलोमीटर. पुण्याला जाणं झालं तर रविवार-बुधवारचा जुना बाजार. तिथं भाव करण्याआधी झाकण उघडून लेन्सच्या युनिटचा नंबर लिहून घ्या आणि तो सुटा मिळतो का, हे आपल्या मेकॅनिकला फोनवर विचारा. मिळत नसेल तर पुढच्या पथारीकडे चला.