चेहऱ्यापुरता उजेड

फोटोतला एकच भाग उजळायचा, एकाच रंगाचा भडकपणा उतरवायचा आणि बाकी फोटोला हातही लावायचा नाही, हे काम सोपे करणारी प्लग-इन सॉफ्टवेअर गेल्या दोन दशकांत चांगलीच रुळली आहेत. प्लग-इन म्हणजे फोटोशॉप किंवा लाइटरूमसारख्या मोठ्या प्रोग्रॅमला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर. मोठा प्रोग्रॅम त्याच्या हाती फोटो देतो, ते आपले नेमून दिलेले काम करते आणि बदललेला फोटो परत करते. फोटो धारदार करणारी, त्यातला दाणेदारपणा घालवणारी, जुन्या फिल्मचा रंग चढवणारी अशी प्लग-इन शेकड्याने आहेत. मात्र रंग आणि उजेड निवडक जागी बदलणाऱ्या प्लग-इनने फोटोग्राफरच्या कामाची पद्धतच पालटली.

त्यांची गरज कळायला दिवे घाट चढणाऱ्या दिंडीचा भरदुपारचा कोणताही फोटो पुरेसा आहे. ढग मध्येच फाकलेले असतात, ऊन थेट डोक्यावर असते. वारकऱ्याची पांढरी टोपी लखलखते आणि तिच्याखालचा सावळा चेहरा सावलीत बुडतो. समोर उभ्या माणसाला तो चेहरा नीट दिसतो, कारण नजर टोपीवरून चेहऱ्याकडे वळली की डोळा आणि मेंदू तेवढ्यात उजेडाचा हिशेब बदलतात. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. सगळ्या चौकटीसाठी त्याला एकच एक्स्पोजर मिळते. उन्हातली पांढरी टोपी आणि सावलीतला चेहरा यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज पडतो, म्हणजे टोपीकडून येणारा प्रकाश चेहऱ्याच्या १६ ते ३२ पट असतो. टोपी सांभाळली तर चेहरा काळवंडतो. चेहऱ्याला पुरेसा प्रकाश दिला तर टोपी आणि आकाश पांढरेफटक पडतात, आणि तिथला तपशील मग कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. म्हणून जाणते फोटोग्राफर टोपी जपून फोटो काढतात आणि चेहरा नंतर उजळतात.

हे नंतरचे काम डिजिटल युगाच्या कितीतरी आधीचे आहे. डार्करूममध्ये एन्लार्जरचा प्रकाश कागदावर पडत असताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरली की तेवढा भाग कमी प्रकाश खातो आणि प्रिंटमध्ये उजळ येतो. याला डॉजिंग म्हणत. भोकाच्या पुठ्ठ्यातून एखाद्याच भागाला जादा प्रकाश दिला की तो गडद होतो, ते बर्निंग. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्याजवळ काढलेला ‘मूनराइज’ हा फोटो या कामाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. मावळतीचे ऊन कब्रस्तानातल्या क्रुसांवर अजून रेंगाळत होते आणि वर चंद्र आला होता. लाइट मीटर हाताशी सापडला नाही, तेव्हा अॅडम्स यांनी चंद्राचा उजेड किती असतो या माहितीवरून एक्स्पोजर ठरवले. निगेटिव्हचा खालचा भाग त्यामुळे फिका राहिला. १९४८ साली त्यांनी तेवढ्याच भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली. पुढची कित्येक वर्षे ते याच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळे होत गेले. निगेटिव्ह एकच, पण प्रत्येक प्रिंटमधला उजेड त्यांनी हातांनी ठरवलेला.

फोटोशॉपमध्ये डॉज आणि बर्न ही हत्यारे नावासकट आली. तरी संगणकावर खरी अडचण वेगळीच होती, सिलेक्शनची. चेहरा उजळायचा तर चेहरा कुठे संपतो हे संगणकाला सांगावे लागे. लासो किंवा पेन टूलने कडेकडेने रेघ ओढायची, ती थोडी विरवायची, तिचा मास्क, म्हणजे बाकी फोटो झाकणारा थर, करायचा आणि त्याखाली ब्राइटनेस वाढवायचा. दाढीच्या विरळ केसांशी, डोक्यावरच्या तुळशीच्या पानांशी हा सगळा खटाटोप कोलमडतो. रेघ जरा चुकली की चेहऱ्याभोवती कातरून चिकटवल्यासारखी कड दिसते. शिवाय लेअर आणि मास्क शिकायलाच महिने जातात. ज्याला फोटो काढता येतो त्याला मास्क कापता येतोच असे नाही. चांगली नजर असलेले अनेक जण या टप्प्यावर अडून बसत.

या अडचणीवर जर्मनीतल्या निल्स कोकेमोर यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या निक सॉफ्टवेअर या कंपनीने उपाय काढला. त्याचे नाव यू पॉइंट. २००६ मध्ये निकॉनच्या कॅप्चर एनएक्स या सॉफ्टवेअरमधून तो लोकांपुढे आला आणि २००८ मध्ये व्हिवेझा या प्लग-इनच्या रूपाने फोटोशॉप वापरणाऱ्यांच्या हाती पडला. यात रेघ ओढायचीच नाही. जो भाग बदलायचा त्यावर एक बिंदू ठेवायचा. याला कंट्रोल पॉइंट म्हणतात. बिंदूभोवती एक वर्तुळ उमटते, ते लहानमोठे करता येते. प्लग-इन बिंदूखालचा रंग, त्याचा गडदपणा आणि पोत वाचते, वर्तुळाच्या परिसरातल्या प्रत्येक पिक्सेलची त्याच्याशी तुलना करते आणि जो पिक्सेल जितका मिळताजुळता व जितका जवळचा, त्याच्यावर तितका जास्त परिणाम करते. वर्तुळ ही कुंपणाची रेघ नव्हे. वर्तुळात असूनही टोपीचा पिक्सेल चेहऱ्याशी जुळत नाही, म्हणून तो जवळजवळ जसाच्या तसा राहतो. कड शोधण्याचे काम माणसाकडून काढून साम्यावर सोपवले, ही या तंत्रातली मोठी गोष्ट.

साम्य नेमके कशाशी तपासायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. संगणकाला प्रत्येक पिक्सेल तीन आकड्यांत कळतो, लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक ० ते २५५. दिंडीच्या फोटोत सावलीतल्या गालाचे आकडे ७०, ४८, ३८ असे असू शकतात. टोपीचे २४०, २४०, २३५. खांद्यावरच्या भगव्या पताकेचे २२५, ११०, ३०. गाल आणि पताका यांच्या आकड्यांत काहीच सारखे दिसत नाही. पण हेच आकडे रंगचक्रावर मांडले, जिथे लाल ० अंशावर, पिवळा ६० अंशावर आणि हिरवा १२० अंशावर असतो, तर गाल सुमारे १९ अंशांवर येतो आणि पताका सुमारे २५ अंशांवर. दोघे शेजारी! माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा मूळ रंग नारिंगीच्याच आसपास असतो. फरक पडतो तो उजळपणात आणि रंगाच्या तीव्रतेत. म्हणून नुसत्या रंगावर चालणारा ‘ऑरेंज’चा स्लायडर सरकवला की चेहऱ्याबरोबर पताकाही भडकते, घाटातली लाल मातीही पेटते. कंट्रोल पॉइंट रंगाबरोबर तीव्रता, उजळपणा आणि अंतरही पाहतो. गालाचा उजळपणा पताकेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच आहे, एवढ्यावरून तो दोघांना वेगळे काढतो.

प्रत्यक्ष काम असे चालते. पहिला बिंदू गालावर, वर्तुळ चेहऱ्याच्या दीडपट. ब्राइटनेस थोडा वाढवला की गाल, कपाळ आणि मान उजळतात, मात्र पांढरी दाढीही थोडी चमकू लागते. मग दाढीवर दुसरा बिंदू ठेवायचा आणि त्याचे सगळे स्लायडर शून्यावरच राहू द्यायचे. या मोकळ्या बिंदूचा अर्थ ‘इथले जसे आहे तसे राहू दे’ असा होतो. दोन्ही बिंदू आपापल्या सारख्या पिक्सेलवर हक्क सांगतात आणि दाढी पहिल्याच्या ताब्यातून सुटते. तिसरा बिंदू आकाशावर, तिथे ब्राइटनेस किंचित उतरवून स्ट्रक्चर वाढवले की ढगांचे थर वेगळे दिसू लागतात. कंट्रोल पॉइंट शिकवताना हे मोकळे बिंदू अनेकदा शेवटी सांगितले जातात. खरे तर तेच आधी सांगायला हवेत, कारण सफाई येते ती त्यांच्यामुळे.

स्लायडर मोजकेच असतात: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, स्ट्रक्चर, सावल्या उघडणारा शॅडोज, उबदारपणा, रंगछटा आणि लाल-हिरवा-निळा. यातल्या स्ट्रक्चरने बारीक तपशिलाचा उठाव वाढतो. दगडी भिंतीला, ढगाला, घोंगडीच्या विणीला तो शोभतो. चेहऱ्यावर मात्र प्रत्येक सुरकुती चरा पडल्यासारखी दिसते. बिंदूचा परिणाम कुठवर पोचला हे पाहण्यासाठी मास्क दाखवणारे बटण असते. त्यात पांढरे दिसते तिथे पूर्ण परिणाम, काळे दिसते तिथे काहीच नाही. ते न दाबता काम करणे म्हणजे अंदाजाने चाचपडणे.

व्हिवेझाचा पुढचा प्रवास बाजाराने ठरवला. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर विकत घेतले, ते मुख्यतः स्नॅपसीड या फोनवरच्या अॅपसाठी. सुमारे ५०० डॉलरला मिळणारा प्लग-इनचा पूर्ण संच २०१३ मध्ये १४९ डॉलरवर आला आणि मार्च २०१६ मध्ये चक्क फुकट झाला. हौशी लोकांना हा मोठाच लाभ होता, पण फुकट झालेल्या सॉफ्टवेअरची देखभाल मागे पडली. ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्रान्सच्या डीएक्सओ या कंपनीने संच विकत घेतला, त्याची पुन्हा किंमत लावली आणि सुधारणाही पुन्हा सुरू केल्या. नव्या व्हिवेझात बिंदूने रंगाबाबत किती काटेकोर राहायचे आणि उजळपणाबाबत किती, हे वेगवेगळे ठरवता येते. गाल आणि पताकेच्या उदाहरणात नेमकी हीच सोय कामी येते. दरम्यान स्नॅपसीडमधले ‘सिलेक्टिव्ह’ हे साधन याच तंत्रावर चालत राहिले. चेहऱ्यावर बोट टेकवून बिंदू ठेवायचा, चिमटीने वर्तुळ लहानमोठे करायचे आणि बोट आडवे सरकवून उजेड वाढवायचा. ते आजही पैसे न मोजता मिळते.

स्पर्धाही वाढली आहे. लाइटरूममध्ये २००८ सालीच ब्रशने निवडक बदल करण्याची सोय आली होती. ऑक्टोबर २०२१ पासून त्यात आकाश किंवा मुख्य विषय एका क्लिकवर ओळखला जातो. इथे संगणक रंगाचे साम्य पाहत नाही, असंख्य फोटोंवरून शिकून ‘हे आकाश, हा माणूस’ असे ठरवतो. पूर्ण आकाश किंवा अख्खा माणूस निवडायचा तर ही पद्धत सरस. पण गालावरची अर्धीच सावली, भिंतीवर पडलेला उन्हाचा कवडसा, पैठणीच्या काठावरची जरीची चमक यांना वस्तू म्हणून नाव नाही, तो नुसता प्रकाश आहे. तिथे बिंदू अजून जास्त कामाचा.

प्लग-इनकडे फोटो कोणत्या रूपात जातो यावर निकाल बराच अवलंबून असतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, १६,३८४. जेपीईजीतला अंधारा चेहरा मोजक्या पायऱ्यांत आवळलेला असतो. तो ताणून उजळला की पायऱ्यांमधल्या फटी दिसू लागतात आणि सावलीत चौकटी उमटतात. रॉवरून १६ बिटची टिफ फाइल करून ती प्लग-इनला द्यावी हे उत्तम. लाइटरूममधून प्लग-इन उघडले की अशी वेगळी प्रतच तयार होते आणि मूळ रॉ सुरक्षित राहते. किंमत मोजावी लागते ती जागेची: २४ मेगापिक्सेलच्या फोटोची न आवळलेली १६ बिटची टिफ सुमारे १४४ एमबीची होते. फोटोशॉपमध्ये आणखी एक काळजी घ्यावी. लेअरचा आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून मग प्लग-इन चालवले तर बिंदू नंतरही हलवता येतात. तसे न केल्यास ते फोटोत कायमचे मुरतात.

यात चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. सावली उघडली की तिच्यातला दाणेदारपणाही तितकाच उघडा पडतो. आकाश फार उतरवले की डोंगराच्या कडेला पांढरट झालर येते. सर्वांत वाईट चूक मात्र प्रकाशाच्या दिशेची. ऊन डावीकडून येत असताना उजवा गाल डाव्यापेक्षा उजळ केला तर पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. चेहऱ्यावरची सावली हलकी करावी, पुसू नये.

खोटेपणाचा दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे आणि आपल्याकडे तो सर्रास चालतो. लग्नाच्या अल्बममधल्या सावळ्या नवरीचा चेहरा इतका उजळवला जातो की तिचे हात आणि चेहरा दोन माणसांचे वाटतात. सावलीत गेलेला चेहरा दिसावा म्हणून उजळणे आणि तो सावळा आहे म्हणून गोरा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात त्या माणसाला न्याय मिळतो, दुसऱ्यात त्याचा अपमान होतो. बातमीच्या फोटोत तर हा प्रश्न थेट सत्याचा होतो. २७ जून १९९४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर माजी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला होता. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो न बदलता छापल्यामुळे दोन्ही अंक स्टॉलवर शेजारीशेजारी दिसले, आणि कृष्णवर्णीय आरोपीला मुद्दाम अधिक काळा व भीतिदायक केल्याची टीका उसळली. त्या फोटोत कोणतीही वस्तू घातली किंवा काढली नव्हती, बदलला होता तो मुख्यतः उजेड. निवडक उजेडाने अर्थ किती बदलतो, हे त्या मुखपृष्ठाइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसले असेल.

उजळणे कुठे संपते आणि गोरे करणे कुठे सुरू होते हे ओळखायला आकड्यांत मोजता येईल अशी एक कसोटी छायाचित्रकार वापरू शकतात. बदल करण्याआधी त्वचेच्या दोन जागांचे आकडे टिपून ठेवायचे, एक उन्हातली आणि एक सावलीतली. उन्हातल्या मनगटाचे आकडे त्या माणसाचा खरा वर्ण सांगतात. सावलीतला गाल उजळताना तो मनगटाच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही.

फोटो पडद्यावर जुळला की काम संपत नाही. पडदा फार प्रखर ठेवलेला असेल तर चेहरा पुरेसा उजळला असा भास होतो आणि छापल्यावर तो पुन्हा काळवंडतो. पडदा कॅलिब्रेट करून घेणे हाच त्यावर इलाज. नेटसाठी फाइल एसआरजीबी या रंगपटात द्यावी, नाहीतर अनेक फोनवर भगवा विटका दिसतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, मधल्या छटा गडद होतात आणि सावलीतले बारकावे आधी बुडतात. म्हणून छापायच्या प्रतीत चेहऱ्यावरचा बिंदू आणखी थोडा वर न्यावा लागतो, आणि किती ते त्याच छापखान्याच्या आधीच्या अंकांवरून ठरवावे लागते.